मानसिक आरोग्य आणि कायदा: पहिला रिसर्च पेपर कसा लिहायचा आणि कुठं पाठवायचा

‘मॅडम, पेपर तयार आहे, फक्त जर्नल सांगा’ असा मेसेज महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, कधी लॉच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाचा, कधी सायकॉलॉजीतून एमए करणाऱ्या मुलीचा, आणि आता कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून (ऑगस्ट २०२५) ज्युनिअर वकिलांचेही यायला लागलेत. फाईल उघडली की पहिल्याच पानावर कळतं की जर्नल ही अडचणच नाही, पेपरला प्रश्नच नाहीये. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते. मी स्वतः आधी सायकॉलॉजी केलं, मग लॉ केलं, दोन्हीकडच्या चुका केल्यात, त्यामुळं ज्यांनी आजवर एकही पेपर लिहिलेला नाही त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय.

आधी प्रश्न, आणि तोही लहान

‘भारतातील मानसिक आरोग्य कायदा: एक चिकित्सक अभ्यास’ असं शीर्षक कृपा करून घेऊ नका. त्यात १९८७ चा जुना कायदा, २०१७ चा नवा कायदा, मग कलमांची यादी, मग ‘जनजागृती गरजेची आहे’ असा शेवट, आणि संपादकाने असे शेकड्याने बघितलेले असतात. प्रश्न असा पाहिजे की त्याचं उत्तर आज कुणाकडेच तयार नाही, पण तुम्ही तीन-चार महिने नेटानं बसलात तर मिळू शकतं.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्याही त्याच्यावरच समजावता येतील. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१)(iii) खाली जोडीदाराच्या मानसिक आजाराच्या कारणावरून घटस्फोट मागता येतो. पण नुसता आजार आहे एवढं पुरत नाही, तो अशा प्रकारचा आणि इतक्या तीव्रतेचा पाहिजे की समोरच्यानं त्या व्यक्तीसोबत राहावं अशी अपेक्षाच वाजवी ठरू नये. सुप्रीम कोर्टानं १९८८ च्या एका निकालात हे स्पष्ट केलंय की स्किझोफ्रेनियाचं निदान कागदावर आहे म्हणून घटस्फोट आपोआप मिळत नाही, तीव्रता बघावी लागते. (त्या निकालात नवरा-बायकोची नावं आहेत आणि आज लॉच्या प्रत्येक पुस्तकात ती छापलेली आहेत, म्हणून मी मुद्दाम इथं लिहीत नाही. का ते पुढं येईल.)

मग आला मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याचं कलम ३(५) म्हणतं की एखाद्याला मानसिक आजार आहे असं ठरलं म्हणजे तो कायद्याच्या भाषेत ‘अनसाउंड माइंड’चा ठरत नाही, ते फक्त सक्षम कोर्टच जाहीर करू शकतं. आणि कलम १०५ म्हणतं की कोर्टात कुणी मानसिक आजाराचा पुरावा दिला आणि समोरच्यानं त्याला आव्हान दिलं, तर कोर्टानं तो मुद्दा तपासून मत द्यायला रिव्ह्यू बोर्डाकडे (याच कायद्याखालचं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ) पाठवायचा.

आता प्रश्न बघा कसा तयार होतो: २९ मे २०१८ नंतर मुंबई हायकोर्टानं या कारणावरच्या घटस्फोटाच्या अपिलांमध्ये जे निकाल दिले, त्यात नेमका कोणता वैद्यकीय पुरावा ग्राह्य धरला, आणि कलम १०५ चा उल्लेख किती निकालांत आहे? बस्स, एवढाच पेपर, यासाठी पेशंट शोधायला नकोत, सर्व्हे नको, निकाल वाचायचे, नीट मोजायचे आणि प्रामाणिकपणे लिहायचं.

असे आणखी प्रश्न भरपूर आहेत. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असं गृहीत धरून त्याला शिक्षा करू नये असं २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं, भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून) जुन्या दंड संहितेतलं (आयपीसी) आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम ३०९ राहिलंच नाही, पण सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला आत्महत्येचा प्रयत्न हा कलम २२६ खाली गुन्हा आहे, मग उपोषणाला बसलेल्या माणसाचं काय, हा एक स्वतंत्र पेपर आहे. संमतीशिवाय नार्को टेस्ट घटनाबाह्य आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात सांगितलं, त्यानंतर तपासात काय बदललं हा दुसरा. पण पहिल्या पेपरला एकच धरा.

लॉवाल्यानं सायकॉलॉजीवाला गाठायचा, सायकॉलॉजीवाल्यानं लॉवाला

ही पायरी लोक गाळतात आणि तिथंच पेपर पडतो. लॉची मुलं ‘डिप्रेशन’, ‘सायकोसिस’, ‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ हे सगळं एकाच पोत्यात भरतात, आणि सायकॉलॉजीची मुलं निकालाची हेडनोट (वर छापलेला सारांश) वाचून तोच कायदा समजतात. हेडनोट कोर्टानं लिहिलेली नसते, निकाल छापणाऱ्या लॉ रिपोर्टच्या संपादकानं लिहिलेली असते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यामुळं निकाल पहिल्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत वाचायचा.

मुळात दोन्हीकडचे शब्द एकमेकांवर बसत नाहीत. डॉक्टर निदान करतो ते उपचारासाठी, त्याला बघायचं असतं की माणसाला बरं कसं वाटेल. कोर्टाला बघायचं असतं की त्या दिवशी, त्या कृतीच्या वेळी, त्या माणसाला काय समजत होतं, किंवा त्याच्याबरोबर संसार शक्य आहे का. न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये (आयपीसीचं जुनं कलम ८४) मानसिक आजारामुळं कृती समजत नव्हती असा जो बचाव आहे त्याचं मूळ इंग्लंडमधल्या १८४३ च्या मॅकनॉटन नियमांत आहे, आणि त्या काळी आजच्यासारखं निदानाचं शास्त्रच नव्हतं. उलट २०१७ चा कायदा सांगतो की मानसिक आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय निकषांवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडीची (आजारांच्या वर्गीकरणाची) ताजी आवृत्ती त्यात धरून. म्हणजे एकाच कोर्टात एकाच माणसाबद्दल दोन वेगळ्या शतकांची भाषा चालते. हे ज्याला दिसलं त्याला पेपरचे विषय कधी कमी पडणार नाहीत.

एका निकालात मी वाचलं होतं, नवऱ्यानं दिलेला पुरावा म्हणजे एका पानाची चिठ्ठी, त्यावर डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहिलेल्या आणि खाली ‘फॉलो अप आफ्टर फिफ्टीन डेज’, बास. निदान नाही, तपासणीची नोंद नाही, डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत. त्या दोन गोळ्यांवरून बाईंना स्किझोफ्रेनिया आहे असा युक्तिवाद खालच्या कोर्टापासून वरपर्यंत चालला. मी ती औषधाची नावं सायकियाट्रीत काम करणाऱ्या मैत्रिणीला दाखवली तर ती म्हणाली, अगं ही गोळी नुसती झोप लागत नाही म्हणून पण देतात. हे मला एकटीला कधी कळलं नसतं, आणि माझ्या पेपरमधला सगळ्यात चांगला परिच्छेद तिथूनच निघाला.

मटेरियल कुठून आणायचं

शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय हाताशी आहे, तिथं जा, जर्नल्सचा ऑनलाइन अॅक्सेस कसा मिळतो ते विचारा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना तीस प्रकाशकांची साधारण तेरा हजार जर्नल्स त्यातून उघडतात, आणि आपल्या मुलांना हे माहीतच नसल्यानं ती पहिल्या पानावरचा सारांश वाचून संदर्भ देतात. असं करू नका, पूर्ण लेख वाचल्याशिवाय संदर्भ द्यायचा नाही.

निकालांसाठी इंडियन कानून ही वेबसाईट आहे, ई-कोर्ट्सचं निकाल शोधायचं पोर्टल आहे, सुप्रीम कोर्टाचे अधिकृत रिपोर्ट फुकटात ई-एससीआरवर आहेत. शोधताना काय टाईप केलं, कोणत्या तारखेला, किती निकाल आले, त्यातले किती वगळले आणि का, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं, चार महिन्यांनी रिव्ह्यूअरनं (जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञानं) विचारलं ‘हे निकाल निवडले कसे’, आणि परत पहिल्यापासून सगळं शोधत बसावं लागलं.

एक्सेलमध्ये तक्ता करा. प्रत्येक निकालाला एक ओळ, आणि कॉलम असे: निकालाचं वर्ष, अपील कुणाचं, आजाराचं नाव निकालात काय लिहिलंय (जसंच्या तसं), पुरावा कोणता (चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरची साक्ष, मेडिकल बोर्ड), डॉक्टरची उलटतपासणी झाली का, कलम १०५ चा उल्लेख, निर्णय, आणि शेवटचा कॉलम ‘महत्त्वाचं वाक्य, परिच्छेद नंबरसह’. या शेवटच्या कॉलममुळं लिहिताना अर्धा वेळ वाचतो. दहा निकाल दोघांनी वेगवेगळे भरून बघा आणि जुळतात का तपासा, जिथं जुळत नाही तिथं तुमची व्याख्या कच्ची आहे.

माणसाचं नाव

इथं मला जास्त बोलायचंय, कारण यात चूक झाली तर पेपर मागे घेता येतो पण त्या माणसाचं झालेलं नुकसान मागे घेता येत नाही.

हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ वाचा. या कायद्याखालची कामकाजं बंद दाराआड चालतात आणि त्यातलं काहीही छापणं बेकायदा आहे, अपवाद फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालांचा, तेही कोर्टाच्या परवानगीनं छापलेल्या. म्हणजे ओळखीच्या वकिलाच्या ऑफिसात बसून फॅमिली कोर्टातल्या फायली वाचल्या आणि पेपरात घातल्या, हे चालत नाही. मला असा पेपर बघायला आला होता, मुलीनं मेहनत खूप घेतलेली, पण तो तसा जाऊच शकत नव्हता, शेवटी तिला रिपोर्टेड, म्हणजे छापून आलेल्या, निकालांवर सगळं परत करावं लागलं. सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं तर तिचे सहा महिने वाचले असते.

२०१७ च्या कायद्याचं कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देतं. आपल्याच महाराष्ट्रातल्या एका फाशीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये, शिक्षा झाल्यानंतर उद्भवलेला गंभीर मानसिक आजार विचारात घेऊन फाशी रद्द केली, आणि निकालात त्या माणसाचं नाव न लिहिता ‘आरोपी एक्स’ म्हटलं. कोर्ट एवढं जपतं तर आपण का जपू नये. लहान मुलं किंवा लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती असेल तर ओळख उघड करणं हा सरळ गुन्हाच आहे, पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम २३ आणि न्याय संहितेचं कलम ७२ बघून घ्या.

आणि नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं नाही हो. आपलं कोल्हापूर केवढंसं आहे. ‘करवीर तालुक्यातली ३४ वर्षांची शिक्षिका, नवरा बँकेत, लग्न अमुक साली’ एवढं लिहिलं की निम्म्या पेठेला कळतं कोण ते. वय अंदाजे लिहा, गावाऐवजी ‘पश्चिम महाराष्ट्र’, व्यवसाय गरज असेल तरच.

मुलाखती घ्यायच्या असतील तर वेगळी तयारी लागते. आधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी, मग डेटा, कारण मुलाखती उरकून नंतर परवानगी मागितली तर चांगलं जर्नल पेपर वाचतसुद्धा नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं डाऊनलोड करून ठेवा. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची नुसती मुलाखत असली तरी मेंटल हेल्थकेअर अॅक्टच्या कलम ९९ नुसार तिची मोकळी आणि समजून दिलेली संमती लागते, ती कधीही मागे घेता येते, आणि जी व्यक्ती संमती देऊ शकत नाही तिच्याबाबत राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. कळंब्याच्या जेलमध्ये किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जाऊन काम करायचं असेल तर त्या-त्या खात्याची परवानगी वेगळी, आणि तिला किती महिने लागतील याचा भरवसा धरू नका, म्हणून पहिल्या पेपरला हा रस्ता मी सुचवत नाही. संमतीपत्र मराठीत करा, खरोखरच्या मराठीत, ‘सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी हरकत नाही’ असलं नको, समोरच्या मावशींना वाचून दाखवलं तर त्यांना कळलं पाहिजे.

शब्दही जपा. ‘वेडा’, ‘भ्रमिष्ट’, ‘मेंटल’ हे निकालात किंवा साक्षीत आले असतील तर अवतरणात ठेवा, तुमच्या वाक्यात नको. ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ लांब वाटतं पण तेच लिहा.

लिहायला बसल्यावर

आधी मराठीत लिहा. गंमत नाही, खरं सांगते, आपल्याला जे म्हणायचंय ते मराठीत एका पानात मांडता आलं नाही तर इंग्रजीत ते नुसतं जड शब्दांनी झाकलं जातं. मग इंग्रजी करा.

सायकॉलॉजीच्या जर्नलला ठरलेला साचा लागतो, प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, चर्चा. लॉ जर्नलला युक्तिवाद पुढं सरकणारा निबंध चालतो, तळटीपा भरपूर. संदर्भाची पद्धत जर्नलप्रमाणं बदलते, कुठं एपीए, कुठं ब्लूबुक, कुठं व्हँकुव्हर, तेव्हा जर्नल ठरवल्यावरच ती पक्की करा, तोपर्यंत झोटेरोसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सगळं साठवा.

कॉपीबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, प्रबंध-प्रबंधिकेत दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, त्यावर चढत्या शिक्षा, साठच्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. पण टक्केवारी कमी करायला शब्द उलटसुलट करणं म्हणजे स्वतःचं लिखाण नव्हे. आणि एआयकडून केस लॉ मागवू नका, ते अस्तित्वात नसलेले खटले नंबरासकट बनवून देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असे बनावट निकाल दिले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. प्रत्येक निकाल स्वतः उघडून बघायचा, परिच्छेद नंबर जुळवायचा.

जर्नल

‘तीन दिवसांत प्रकाशन, फी फक्त १५००, सर्टिफिकेट फ्री’ अशी जाहिरात व्हॉट्सअॅपवर आली की ग्रुपच सोडा. माझा पहिला पेपर असाच गेला, पैसे भरले, आठवड्यात छापला, कुणी एक अक्षर दुरुस्त सुचवलं नाही, आणि दोन वर्षांनी ती वेबसाईटच गायब झाली. पैशापेक्षा वाईट याचं वाटतं की त्या पेपरवरचं काम खरं होतं आणि ते आता कुठंच नाही, दुसरीकडे पाठवावं म्हटलं तर एकदा छापलेलं कुणी घेत नाही.

आधी लोक म्हणायचे ‘यूजीसी केअर लिस्ट बघ’. ती मान्य जर्नल्सची यादी यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता निकष दिलेत आणि पारख संस्थेनं आणि आपण करायची. तरीही ‘यूजीसी केअर अप्रूव्हड’ असं २०२६ च्या अंकासाठी कुणी लिहीत असेल तर तिथंच समजून जा. आयएसएसएन नंबर असणं म्हणजे दर्जा नव्हे, तो नुसता नोंदणीचा नंबर आहे. बघायचं काय, तर संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का (त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का), मागचे तीन अंक उघडून दोन लेख वाचून बघायचे, रिव्ह्यू कसा होतो ते स्पष्ट लिहिलंय का, फी आधीच सांगितलीय का. ओपन अॅक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणारं) असेल तर डीओएजेमध्ये, म्हणजे अशा जर्नल्सच्या ऑनलाइन यादीत, आहे का.

या विषयाची खरी जर्नल्स सांगायची तर इंटरनॅशनल जर्नल ऑफ लॉ अँड सायकियाट्री, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची ‘लॉ अँड ह्यूमन बिहेविअर’ आणि ‘सायकॉलॉजी, पब्लिक पॉलिसी अँड लॉ’, भारतातली इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री, इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स. शिवाय नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची लॉ जर्नल्स. आपल्या घटस्फोटाच्या उदाहरणासारखा पेपर मी आधी भारतीय जर्नललाच पाठवीन, वाचक इथलेच आहेत. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा, दोन ठिकाणी पाठवून जो आधी हो म्हणेल तो, असं केलं की दोन्हीकडे नाव खराब होतं.

पाठवताना नावाचं पान वेगळं, मुख्य फाईलमध्ये तुमचं, गाईडचं, कॉलेजचं नाव कुठंही नको, वर्डच्या फाईल प्रॉपर्टीजमधूनही काढा. लेखक कोण हे पाठवण्याआधी मिटवा: ज्यानं कामात खरा वाटा उचलला, लिहिलं किंवा गंभीरपणे दुरुस्त केलं, अंतिम मसुदा मान्य केला आणि जबाबदारी घेतली, तो लेखक. नुसतं विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालायची पद्धत मला मान्य नाही, पण हे विद्यार्थ्याला तोंडावर बोलता येत नाही हेही मला कळतं, म्हणून गाईडनंच आधी विषय काढावा.

पाठवल्यानंतर

आठवड्यात ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ म्हणून परत आला तर ते अपयश धरू नका, कक्षा परत वाचा आणि दुसरीकडे पाठवा. रिव्ह्यूला गेला तर काही महिने जातात. उत्तर आलं की त्या दिवशी काही लिहू नका, रंकाळ्यावर एक चक्कर मारून या. दुसऱ्या दिवशी तक्ता करा, डावीकडे रिव्ह्यूअरचं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे तुम्ही काय बदललं आणि कोणत्या पानावर. पटलं नाही तर कारणासह नम्रपणे सांगता येतं, सगळं मान्यच करायला पाहिजे असं नाही. मला एका रिव्ह्यूअरनं विचारलं होतं, ‘कलम १०५ चा उल्लेख नाही याचा अर्थ कोर्टानं ते डावललं, की कुणी मुद्दाच काढला नाही?’ मी चार दिवस परत निकाल वाचले तेव्हा दिसलं की बहुतेक ठिकाणी मुद्दा कुणी काढलाच नव्हता, आणि माझा निष्कर्ष त्यामुळं बदलला. तेवढ्या एका प्रश्नासाठी मी त्या अनोळखी माणसाची आजही ऋणी आहे.

स्वीकारल्यावर प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) येतं, साधारण दोन दिवसांची मुदत असते. कलमांचे नंबर, वर्षं, तक्त्यातल्या बेरजा, स्वतःच्या नावाचं स्पेलिंग बघा. आणि खटल्यांची शीर्षकं बघा, कारण मजकुरातून नावं काढली तरी शीर्षकात नवरा-बायकोची पूर्ण नावं बसलेली असतात. २०२३ पासून मुंबई हायकोर्टाच्या निकालांना न्यूट्रल सायटेशन नंबर (कोर्टानंच दिलेला निकालाचा संदर्भ क्रमांक) मिळतो, त्याआधीच्यांना अपिलाचा नंबर आणि वर्ष वापरता येतं, संपादकाला कारण सांगितलं तर ते सहसा मान्य करतात. माझ्या प्रूफमध्ये चौदा ओळींच्या तक्त्यात सगळीकडे नंबर होते, फक्त सातव्या ओळीत एका बाईंचं नाव आणि आडनाव राहून गेलं होतं. त्या दोन गोळ्यांवाल्या. रात्री अकराला संपादकांना मेल केला, सकाळी दुरुस्त प्रूफ आलं, मग सही केली.